नक्कल करायची तर पूर्ण करा

‘रेड डेड रिडेम्प्शन’ खेळलेल्यांना आठवत असेल. २०१० साली आलेल्या त्या गेमच्या मैदानात मोजून २० बायसन सोडलेले आहेत. बाकीची जनावरं मारली तरी थोड्या वेळाने पुन्हा उगवतात, बायसन मात्र उगवत नाहीत. विसावा पाडला की ट्रॉफी मिळते आणि तिचं नाव ‘मॅनिफेस्ट डेस्टिनी’. पश्चिमेकडची सगळी जमीन आपल्याच नशिबात लिहिलेली आहे, हा एकोणिसाव्या शतकातल्या गोऱ्या अमेरिकनांचा ठाम समज, त्याचं हे नाव. गेम बनवणाऱ्यांनी चांगला चिमटा काढला होता. खेळणाऱ्यांपैकी किती जणांना तो लागला, कोण जाणे!

(दाजीपूरला आपण ज्याला बायसन म्हणतो तो गवा. इथे बोलतोय ते उत्तर अमेरिकेचं केसाळ, मोठ्या वशिंडाचं जनावर. तिकडचे लोक त्याला ‘बफेलो’ म्हणतात, पण ती आपली म्हैसही नव्हे.)

आज हा विषय काढायचं कारण म्हणजे त्या जनावरांना संपवणारी बंदूक आजही बनते. मागणीप्रमाणे, एकेक, हाताने घासूनपुसून. मोंटाना राज्यात बिग टिंबर नावाचं छोटं गाव आहे. तिथे १८७४ च्या मॉडेलची ‘शार्प्स’ रायफल जुन्या मापाबरहुकूम तयार करणारे कारखाने आहेत. इटलीतल्या गार्डोने व्हाल ट्रॉम्पिया या बंदूकवाल्यांच्या गावातही तिच्या प्रतिकृती बनतात. मूळ कंपनी १८८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच बंद पडली. नक्कल मात्र जोरात चालू आहे.

आणि ती नक्कल साधीसुधी नाही, हे आधी मान्य करू. कॅलिबर कोणतं, नळी ३० इंची की ३४, गोल की अष्टकोनी, अक्रोडाच्या लाकडावर रेषा किती दाट, हे सगळं गिऱ्हाईक ठरवतं. बंदुकीची रचना बघितली तर मेकॅनिकलवाल्यांना झोप लागणार नाही. ट्रिगरभोवतीची कडी हीच तरफ. ती खाली ओढली की नळीच्या मागचा पोलादी ठोकळा सरळ खाली सरकतो. एक काडतूस आत टाकायचं आणि कडी वर घ्यायची, की ठोकळा पुन्हा नळीचं तोंड बंद करतो. मॅगझिन वगैरे भानगड नाही. एकच गोळी, चुकली तर पुन्हा पहिल्यापासून. ट्रिगर दोन असतात. मागचा ओढला की पुढचा इतका हलका होतो की नुसता स्पर्श पुरतो.

खरी जादू रंगाची आहे. हाडांचा आणि लाकडाचा कोळसा भरलेल्या बंद डब्यात पोलादी भाग लाल होईपर्यंत तापवतात आणि एकदम पाण्यात सोडतात. पृष्ठभाग कडक होतो आणि त्यावर निळे, करडे, तपकिरी ढग उमटतात. ते ढग दर वेळी वेगळे. कारागिराच्या हातातही सगळं नसतं. असल्या कामाबद्दल आम्हाला मनापासून आदर वाटतो. (आपल्याकडे मात्र हा घरी करून बघायचा उद्योग नव्हे. विनापरवाना बंदूक बनवणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे.)

एवढी बारीक नजर असलेल्या माणसांना म्हणूनच विचारावंसं वाटतं, या बंदुकीने काय काय केलं त्याची नोंद तुमच्या नकलेत कुठे आहे?

१८७१ च्या सुमारास बायसनच्या कातड्यापासून कारखान्यांतल्या यंत्रांचे पट्टे करता येतील असं चामडं कमावण्याची रीत सापडली आणि शिकारी मैदानात घुसले. पद्धत थंड डोक्याची होती. वाऱ्याची दिशा बघून लांब बसायचं आणि कळपाची म्होरकी मादी टिपायची. गोळी फुफ्फुसात लागली की ती पळत नाही, तिथेच डुलत राहते. बाकीची जनावरं गोंधळून तिच्याभोवती घोटाळतात. मग बसल्या जागेवरून एकेक पाडत जायचं, नळी हात लावता येणार नाही इतकी तापेपर्यंत. कातडी सोलून न्यायची, मांस सडायला सोडून द्यायचं. पुढे माळावर उरलेली हाडं गोळा करून खतासाठी आणि साखर शुद्ध करण्यासाठी रेल्वेने गेली. एके काळी तीन कोटी किंवा त्याहून जास्त असल्याचा अंदाज दिला जातो अशा या जनावरांची विल्यम हॉर्नडे यांनी १८८९ च्या अहवालात गणती मांडली. आकडा आला १,०९१.

ज्यांचं अन्न, वस्त्र, तंबू सगळं या एका जनावरावर चालायचं, त्या कोमँची, कायोवा, शायेन, लकोटा लोकांचं काय झालं हे वेगळं सांगायला नको. अर्कान्सास नदीच्या दक्षिणेला शिकारीचा हक्क तुमचा, असा करार १८६७ मध्ये त्यांच्यातल्या काही जमातींशी झाला होता. शिकाऱ्यांनी ती नदी ओलांडली. २७ जून १८७४ रोजी टेक्सासमधल्या अडोबी वॉल्स या शिकाऱ्यांच्या ठाण्यावर या जमातींनी हल्ला केला, तो या पार्श्वभूमीवर. पण शार्प्सच्या भक्तांना त्या लढाईतलं एकच आठवतं. बिली डिक्सन नावाच्या शिकाऱ्याने उसनी रायफल घेऊन दूर टेकाडावरचा एक स्वार पाडला. अंतर १,५३८ यार्ड सांगतात, म्हणजे जवळपास १,४०० मीटर. ती गोळी नशिबाने लागली, हे खुद्द डिक्सननेच कबूल केलं होतं. दंतकथेला अशा कबुलीजबाबाची पर्वा नसते. आणि त्या स्वाराचं नाव तिच्यात सहसा येत नाही.

बंदूकच पापी, असं म्हणून मोकळं होणं मात्र सोपं आहे. १८५० च्या दशकात कॅन्ससमध्ये गुलामगिरी आणू पाहणाऱ्यांशी लढायला गुलामगिरीविरोधकांनी हीच शार्प्स पाठवली होती. हेन्री वॉर्ड बीचर या पाद्र्याने तिची इतकी भलामण केली की लोक तिला ‘बीचरचं बायबल’ म्हणू लागले. १८५९ मध्ये जॉन ब्राऊनने हार्पर्स फेरीवर धाड घातली तेव्हा त्याच्या माणसांकडे शार्प्सच होत्या. म्हणजे या बंदुकीचा इतिहास सरळ रेषेतला नाही. अडचणीचा आहे, म्हणून तर तो सांगायला हवा.

गंमत म्हणजे शार्प्सची हौस नव्याने पेटवली ती १९९० च्या ‘क्विग्ली डाउन अंडर’ या सिनेमाने. टॉम सेलेक त्यात लांब पल्ल्याचा नेमबाज आहे. एक जमीनदार त्याला ऑस्ट्रेलियात बोलावतो. काम काय, तर तिथल्या मूळ रहिवाशांना लांबून टिपायचं. हे कळताच क्विग्ली मालकालाच बदडतो. अख्खी गोष्ट या नकारावर उभी आहे. प्रेक्षकांनी बंदूक उचलली आणि नकार थिएटरमध्येच सोडला, असं कधी कधी वाटतं.

त्या सिनेमाच्या नावाने मोंटानातल्या फोरसाइथ गावी दर जूनमध्ये नेमबाजीचा मोठा मेळावा भरतो. पोलादी लक्ष्यांपैकी एक बायसनच्या आकाराचं आहे, सुमारे ८०० यार्डांवर. काळ्या बारुदीच्या धुराचा ढग उठतो, सगळे कान टवकारतात आणि चारेक सेकंदांनी तिकडून ‘टण्ण’ असा आवाज येतो. टाळ्या. तिथून गाडीने तासाभरावर माइल्स सिटी आहे. १८८६ मध्ये हेच हॉर्नडे संग्रहालयासाठी नमुने मिळवायला तिथून निघाले होते. जात संपायच्या आत थोडे बायसन मारून, पेंढा भरून ठेवावेत म्हणून! त्यांना वीस-पंचवीस सापडले.

मेळावा बंद करा, असं आम्ही म्हणणार नाही. त्या पोलादी बायसनशेजारी एक फलक लावा. बिग टिंबरहून निघणाऱ्या प्रत्येक खोक्यात, तेलाच्या बाटलीसोबत, चार पानांची पुस्तिका घाला आणि ती लिहायचं काम कोमँची, शायेन लोकांच्या आजच्या पिढीकडे द्या. लाकडावरच्या रेषा निवडायला वेळ असलेल्या गिऱ्हाइकाला चार पानं जड होणार नाहीत.

जून २०२३ मध्ये त्याच मोंटानात, चीफ माउंटनच्या पायथ्याशी, ब्लॅकफीट लोकांनी बायसनचा एक छोटा कळप मोकळा सोडला. कॅनडातून आणलेली ही जनावरं, ब्लॅकफीटांच्याच मुलुखातून १८७० च्या दशकात वाचलेल्या वासरांच्या वंशातली. ट्रेलरची दारं उघडली आणि ती डोंगराच्या दिशेने पळत सुटली.