हे कोण म्हणतंय?

मंडळी, गेला दीड महिना इथे काही लिहिलं नाही, म्हणून दोघातिघांनी आपुलकीने विचारपूस केली. तब्येत ठणठणीत आहे. रविवारची सकाळ ही माझी लिहायची वेळ, ती सध्या नातीने घेतली आहे.

नात अमेरिकेत एम.एस. करते आहे. पहिल्याच सत्रात तिचा एक रिपोर्ट परत आला. कुणा संशोधकाच्या लेखातली तीन-चार वाक्यं तिने थोडे शब्द इकडचे तिकडे करून आपल्या लिखाणात घातली होती. शेवटच्या यादीत त्या लेखाचं नाव होतं, पण वाक्यापाशी ना अवतरणचिन्हं, ना लिहिणाऱ्याचं नाव. तिकडे ही चोरी धरतात. पहिलीच वेळ म्हणून शिक्षा झाली नाही. पुन्हा लिहून आण म्हणाले, आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठी प्राथमिक इंग्रजी लेखनाचा एक वर्ग असतो, त्यात बसायला सांगितलं. पोरगी फोनवर रडायलाच लागली. "आजी, मला इंग्रजी येतं गं! टोफेलला चांगले मार्क होते माझे. आणि मी चोर नाहीये."

चोर नाहीच ती. पण त्या रात्री मला काही झोप लागली नाही. कारण हे तिला कुणी शिकवलं, ते मला ठाऊक होतं. तिला शाळेत मी नव्हते, पण माझ्यासारख्याच बाई होत्या.

मी तीसेक वर्षं मराठी आणि इंग्रजी शिकवलं. माझं स्वतःचं बी.ए. मराठी माध्यमातलं, त्यामुळे इंग्रजीचा तास म्हणजे मलाच आधी घाम. निबंध मी फळ्यावर लिहून द्यायची, मुलं उतरवून घ्यायची, पाठ करायची, परीक्षेत पुन्हा उतरवायची. जितकं हुबेहूब तितके मार्क जास्त. सुरुवातीला एक सुविचार, मध्ये दोन वाक्प्रचार. तो सुविचार कुणाचा, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. निकाल चांगले लागायचे हो! पालक पेढे घेऊन यायचे.

एका मुलाची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. आमच्या पेणचे गणपती सगळीकडे जातात. ह्या मुलाच्या घरी कारखाना होता. 'माझा आवडता सण' हा निबंध मी फळ्यावर दिलेला असूनही त्याने स्वतःचाच लिहिला. गणपती आमच्या घरी वर्षभर असतो आणि सण आला की निघून जातो, म्हणून मला हा सण आवडत नाही, अशा अर्थाचं काहीतरी. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. मी लाल शाईने 'विषयाला धरून नाही' असा शेरा मारला आणि दहापैकी चार मार्क दिले.

असो.

तर त्या वर्गात काय शिकवतात, हे मी नातीला खोदून खोदून विचारलं. चीन, इराण, ब्राझील, नायजेरिया, कुठकुठली मुलं आहेत. व्याकरण फारसं नाहीच. एक पान वाचायचं, मिटून ठेवायचं, आपल्या शब्दांत लिहायचं, मग उघडून ताडून पाहायचं. एका परिच्छेदात एकच मुद्दा, तो आधी सांगायचा, मग पुरावा. आणि शिक्षिका वहीच्या समासात सारखा एकच प्रश्न लिहितात, "हे कोण म्हणतंय?" पहिला मसुदा वर्गातच हाताने लिहून घेतात, कारण आता चॅटजीपीटी आहे.

यावर आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पुतण्या म्हणाला, "काकू, हा सगळा गोऱ्यांचा साचा आहे. आपली विचार करायची पद्धत वेगळी." हे म्हणणं अगदीच हवेतलं नाही. रॉबर्ट कॅप्लन नावाच्या अमेरिकन भाषातज्ज्ञाने १९६६ साली एका लेखात चक्क आकृत्या काढून दाखवल्या होत्या : इंग्रजी विचार सरळ रेषेत जातो आणि पौर्वात्य विचार गोल गोल फिरतो. त्यावर पुढे बरीच टीका झाली.

मला विचाराल तर ही गोल रेघ म्हणजे आमच्या आळसाला मिळालेलं सर्टिफिकेट आहे. शंकराचार्यांच्या भाष्यात आधी पूर्वपक्ष असतो. समोरच्याचं म्हणणं नीट मांडायचं, मग उत्तर द्यायचं. तिथे कोण काय म्हणतंय याचा घोळ चालत नाही.

आणि आपल्याच माणसांकडे बघा ना. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. तेही परदेशी विद्यार्थीच होते! त्या निबंधात ते सेनार्ट, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर या चौघांच्या जातीच्या व्याख्या नावानिशी समोर ठेवतात, प्रत्येकीत काय कमी आहे ते सांगतात आणि मग स्वतःचं मत मांडतात. यातले केतकर म्हणजे आपले ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश. त्यांचं जातींवरचं पुस्तक ते कॉर्नेलला शिकत असतानाच, १९०९ मध्ये निघालं होतं. आंबेडकर त्यांचं कौतुकही करतात आणि जिथे पटत नाही तिथे तसं स्वच्छ सांगतात. दोन मराठी विद्यार्थी परक्या मुलखात, परक्या भाषेत एकमेकांशी वाद घालताहेत, आणि कुठलं वाक्य कुणाचं याबद्दल वाचणाऱ्याला तसूभर शंका येत नाही.

पुढे १९२३ मध्ये त्यांचं रुपयावरचं पुस्तक लंडनला छापलं गेलं. त्याची प्रस्तावना त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी लिहिली आणि तिच्यात सांगून टाकलं की याची बरीच मतं मला मान्य नाहीत, पण त्यातला ताजेपणा आवडला. मत न पटलेल्या विद्यार्थ्याला मास्तर प्रस्तावना देतो! मी चार मार्क दिले होते.

म्हणून माझं म्हणणं असं की हा वर्ग अमेरिकेत आणि बाविसाव्या वर्षी भरायला नको. तो आठवीत भरायला हवा, आणि तोही मराठीत. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं, त्यावर केवढे वाद झाले. इंग्रजी कितवीपासून हा प्रश्न सगळ्यांनी विचारला. कुठल्याही भाषेत मूल स्वतःचा एक परिच्छेद केव्हा लिहिणार, हे विचारल्याचं मला आठवत नाही. आता दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत 'स्वमत' असतं म्हणे. शेजारच्या मुलीच्या गाईडमध्ये ती स्वमतंसुद्धा तयार छापलेली पाहिली. हसावं की रडावं?

शिक्षकाला हे अवघड जातं, मान्य आहे. साठ वह्यांत साठ वेगवेगळे निबंध तपासायचे म्हणजे रात्री संपतात. फळ्यावरचा एकच निबंध साठ वेळा तपासायला अर्धा तास पुरतो. मी तो अर्धा तास निवडला होता.

सध्या आमचं असं चालतं. इकडे रविवारी सकाळी मी चहा घेऊन बसते, तिकडे तिची शनिवारची रात्र असते. ती एक पान वाचते, मिटते आणि मला मराठीत सांगते. विषय काँक्रीटच्या भेगांचा, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तेच बरं आहे, कारण मला कळेपर्यंत तिला समजावावं लागतं. मध्येच मी विचारते, "हे तो म्हणतोय की तू?" ती अडखळते, म्हणते, "थांब हं आजी." मग ती इंग्रजीत लिहायला बसते आणि मी रामवाडीच्या स्टँडकडे भाजी आणायला निघते.

तो कारखान्यातला मुलगा कधीमधी तिथे भेटतो. आता त्याचा स्वतःचा कारखाना आहे. "बाई, बऱ्या आहात ना?" म्हणून गाडी थांबवतो. त्या निबंधाचा विषय मी अजून काढलेला नाही.