हक्क आहे म्हणून?



डिसेंबरात आम्ही मुलाकडे मँचेस्टरला होतो. एका सकाळी तो आणि सूनबाई आम्हाला स्नेक पासच्या माथ्यावर घेऊन गेले. तिथे त्या दिवसांत सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो, पण धुक्यात दिसणार कुठे? नवकारशी घड्याळावरच. उकाळ्याचा थर्मास सूनबाईने नऊ वाजून गेल्यावरच उघडला.

तिथून मिल हिलपर्यंत दगडी फरशांची वाट आहे. जुन्या कापडगिरण्या पाडल्या, त्यांच्या फरशा या डोंगरांवर आणून अंथरल्या. दोन्ही बाजूंना तपकिरी हेदरची झुडपं, ओलं शेवाळ, आणि एकदाच दिसलेला पांढराशुभ्र ससा. त्याचा फोटो घ्यायला मी फरशीवरून उतरले आणि घोट्यापर्यंत काळ्या चिखलात रुतले.

"आई, वर या!" सून ओरडली. मग तिने सांगितलं, हा चिखल नव्हे, पीट. शेवाळ न कुजता साठत जातं, वर्षाला साधारण एक मिलिमीटर. म्हणजे माझा पाय दहा सेंटिमीटर रुतला, तर तो शंभर वर्षांच्या थरात गेला! हाच थर पाणी धरतो, कार्बन धरतो. तुडवला गेला की उघडा पडतो आणि पावसात वाहून जातो.

आमचे हे म्हणाले, "पण इथे कुठेही चालायचा हक्क आहे ना?" आहे. समोरच्या किंडरवर पूर्वी ग्राऊस पक्ष्यांच्या शिकारीसाठी सामान्यांना बंदी होती. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो कष्टकरी तरुण ती मोडून वर चढले, पाच जण तुरुंगात गेले. २००० साली कायदा झाला, तेव्हा अशा माळरानांवर वाट सोडूनही फिरायची मोकळीक मिळाली.

त्या तरुणांबद्दल मला आदरच आहे. तरी माझं मत असं, की हक्क मिळवावा लढून आणि वापरावा जपून. कायदा 'कुठेही चाल' म्हणतो. पाऊल कुठे ठेवायचं, हे आपणच ठरवायचं. आपले साधू-साध्वी पुढची चार हात जमीन पाहून चालतात. ईर्यासमिती म्हणून आपण ते मुलांना शिकवतो, हिरवळीवर पाय देऊ नका म्हणून दटावतो. आणि परदेशात एका फोटोसाठी मीच विसरले.

कासच्या पठारावर फुलांत बसून फोटो काढणाऱ्यांना मी नावं ठेवत आले आहे. आता आधी स्वतःचे बूट आठवतात.

परतताना मी फरशीवरूनच चालले. ससा पुन्हा दिसला. फोटो नाही काढला, उभी राहून नुसता पाहिला.