वायरमनची वही

आपल्या वडोदऱ्यातील जुन्या मराठी घरांत ‘मुलगा काय करतो?’ या प्रश्नाला अजूनही नोकरीचेच उत्तर अपेक्षित असते. ‘वायरिंगची कामे घेतो’ असे सांगताना आईवडिलांचा आवाज खाली येतो. ज्या सयाजीराव महाराजांचे नाव आपण उठताबसता घेतो, त्यांनी १८९० साली कलाभवन काढले ते हातातल्या कौशल्याला मान मिळावा म्हणून, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

आज हे लिहिण्यास तसेच कारण घडले. आपल्याच समाजातील एक तरुण वायरमन घरासाठी कर्ज मागायला बँकेत गेला. कामात वाकबगार, दिवसाला तीन ठिकाणची बोलावणी. बँकेने आयकराची रिटर्न्स मागितली. ती त्याने दरवर्षी भरलेली होती, पण प्रत्येकात वर्षाचे उत्पन्न सुमारे ४० हजार! ‘एवढ्यात घर चालवता, मग हप्ता कशातून भरणार?’ असे विचारून अर्ज परत दिला गेला.

हे ४० हजार आले कुठून? लहान धंदेवाल्यांसाठी कायद्यात अंदाजित उत्पन्नाची सोय आहे. जमा रकमेपैकी बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या पैशावर किमान ६ टक्के आणि रोखीवर किमान ८ टक्के नफा धरायचा. त्याची वर्षाची जमा ६ लाख, त्यातले ४ लाख बँकेतून आणि २ लाख रोख. हिशेब ४० हजारांवर आला. पण कायदा ‘किमान’ म्हणतो. खरी कमाई जास्त असेल तर ती जास्तच दाखवायची असते, हे त्याला कोणी सांगितले नाही.

खरा हिशेब असा होता: वायर, स्विच, एमसीबी असा माल २ लाख ४० हजार, मदतनिसाची मजुरी ६० हजार, पेट्रोल व फोन ३० हजार, किरकोळ हत्यारे १० हजार. उरले २ लाख ६० हजार. एवढे दाखवले असते तरी कर शून्यच होता. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून तर नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर कर लागत नाही. मग कमी दाखवून वाचवले काय? उलट पत गमावली. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला, कलमांचे आकडे बदलले, पण ही सोय कायम आहे.

ही सोय घेतली की खर्च वेगळा वजा मिळत नाही. एखाद्या वर्षी खरोखरच नफा कमी झाला, तर नीट वही आणि बिले हवीत, आणि हिशेबतपासणीची अटही लागू शकते. त्यातही घरच्या वापराचे पेट्रोल धंद्यात धरता येत नाही. एका माणसाला एका दिवसात १० हजारांवर रोख दिले तर तो खर्च मान्य होत नाही. ड्रिल मशीन एकदम खर्चात जात नाही, दरवर्षी १५ टक्के घसारा मिळतो. आणखी एक गोष्ट: बिल्डर किंवा कंपनी बिलातून १ टक्का टीडीएस कापते. कर लागत नसेल तर तो पैसा परत मिळतो, पण रिटर्न भरले तरच.

दोष एकट्या वायरमनचा नाही. पंखा बसवून झाला की आपणच रोख पैसे हातावर ठेवतो, बिल मागत नाही, वर ‘बिल नको, शंभर कमी करा’ म्हणतो. उद्या तो शिडीवरून पडला किंवा त्याला रस्त्यात अपघात झाला, तर भरपाईच्या दाव्यात त्याची कमाई सिद्ध करताना हेच कागद शोधावे लागतात.

आपले गुजराती शेजारी दिवाळीला वहीचे पूजन करतात. त्यांच्या धंद्याच्या भरभराटीचा आपण हेवा करतो, पण त्यांची वही घेत नाही. आपल्यात बँकेतून आणि ऑडिटमधून निवृत्त झालेली मंडळी थोडी नाहीत. त्यांनी महिन्यातील एक रविवार सकाळ या मुलांसाठी द्यावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. निवडणुकीत आपण समाजाची ताकद मोजतो ती केवळ मतांनी. ज्या समाजातील कष्टकऱ्याची कमाई कागदावर दिसत नाही, त्याच्या शब्दाला बँकेत वजन नाही आणि महापालिकेतही नाही.