भोकांच्या कागदातला पियानो

बालमित्रांनो, कागदावर आपण गाणं लिहितो. पण कागदातूनच वाजवणं ऐकू आलं तर? ही परीकथा नाही बरं का, खरी गोष्ट आहे!

दक्षिण अमेरिकेतल्या व्हेनेझुएला देशात, कराकस शहरी, २२ डिसेंबर १८५३ रोजी तेरेसा कारेन्यो जन्मली. वडील तिच्यासाठी सरावाचे पाठ स्वतः लिहीत. आठ वर्षांची असताना, १८६२ मध्ये, तिनं न्यूयॉर्कला जाहीर कार्यक्रम केला. पुढच्याच वर्षी ती अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्यासमोर वाजवायला बसली. तिथला पियानो सुरात नाही, अशी तक्रार तिनं तिथंच केली म्हणे! पुढं तेरेसाबाईंनी अमेरिका आणि युरोप दोन्ही गाजवले. १९१७ मध्ये त्या वारल्या.

मग त्यांचं वादन आज कसं ऐकायचं? तबकड्या तेव्हा होत्या. १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहर जान यांचं गाणं तबकडीवर घेतलं गेलं होतं. पण तबकडीत जेमतेम तीन-चार मिनिटं मावत आणि पियानो फार पोकळ उमटे.

जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या वेल्टे कंपनीनं १९०४ मध्ये निराळीच युक्ती काढली. वादक वाजवू लागला, की कोणती पट्टी कधी दाबली, किती वेळ धरली, याची नोंद यंत्र करी. त्यावरून कागदाच्या लांब गुंडाळीला भोकं पाडत. वाजवायच्या यंत्रात गुंडाळी सरकू लागली, की भोकातून हवा शिरे, छोटा भाता मिटे आणि पट्टी दाबली जाई. आपल्या बाजाच्या पेटीत हवा सूर काढते. इथं हवा बोटांचं काम करी! १९०५ मध्ये तेरेसाबाईंनी शोपाँ, बीथोव्हेन यांच्या रचना या यंत्रासाठी वाजवल्या. लेकीच्या नावानं रचलेला स्वतःचा छोटा वॉल्झही वाजवला.

आता एक कोडं. टेपरेकॉर्डर हळू चालला तर आवाज जाडा होतो, लगेच कळतं. गुंडाळी हळू सरकली तर? सूर तेच राहतात, कारण तारा पियानोच्याच. फक्त वाजवणं संथ होतं. म्हणजे चूक कानाला कळतच नाही! ऐकणारा म्हणतो, "बाई किती रेंगाळत वाजवायच्या!" दोष यंत्राचा आणि बोल मात्र बाईंना.

शिवाय जोरात वाजवलं की हळुवार, हे कसं नोंदवायचं ते कंपनीनं गुपित ठेवलं होतं. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात कारखानाच नष्ट झाला. म्हणून जाणकारांना जुनी यंत्रं आधी नीट दुरुस्त करावी लागतात, वेग पुन्हापुन्हा तपासावा लागतो. मगच त्या गुंडाळ्या वाजवून त्यांचं ध्वनिमुद्रण करता येतं. पाहा, नुसती वस्तू जपून भागत नाही. ती कशी वाजवायची, हेही जपावं लागतं.

पालकहो, घरात आजी-आजोबांच्या आवाजाची जुनी कॅसेट असेल, तर ती मुलांबरोबर शोधा. मुलांनो, तिच्यावर चिठ्ठी चिकटवा : आवाज कोणाचा, साल कोणतं, गाव कुठलं. कॅसेट नसेल तर आजच फोनवर आजीची एक ओवी घ्या. मात्र सुरुवातीला तिलाच तिचं नाव आणि तारीख सांगायला लावा. पन्नास वर्षांनी ऐकणाऱ्याला कोडं पडायला नको!