श्वासाचाही हिशेब ठेवा!

किराण्याचा, भिशीचा, मुलांच्या फीचा हिशेब आपण ठेवतो. दिवसभरात छातीत गेलेल्या धुराचा हिशेब कोण ठेवतो? म्हणून हवेतील धूळ मोजणारे हातात मावेल एवढे यंत्र आम्ही एक दिवसासाठी मागून आणले आणि मुंबईत सकाळपासून रात्रीपर्यंत दर तासाचा आकडा वहीत उतरवला.

हे यंत्र 'पीएम २.५' मोजते. हे कण केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढे बारीक. ते नाकात अडत नाहीत, थेट फुप्फुसात उतरतात. आपल्या सरकारने २००९ साली चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम ठरविली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ती १५ सांगितली.

सिग्नलवर आणि इमारतीच्या बांधकामापाशी आकडा चढला, त्याचे नवल वाटले नाही. पण दिवसातला सर्वांत मोठा आकडा मिळाला तो रात्री, घरातच! मिरचीची फोडणी, वंदनेच्या पाच उदबत्त्या, झोपताना डासांची कॉइल आणि खिडकी बंद. एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतकी बारीक धूळ निघते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेले संशोधन सांगते. त्याच खोलीत आपले लेकरू झोपते.

माता-भगिनींनो, कॉइलऐवजी मच्छरदाणी लावा. फोडणी देताना खिडकी उघडा. वंदनेला एकच उदबत्ती पुरे. तथागतांना आणि बाबासाहेबांना धूर नको, आपले शील हवे.

मात्र सारा दोष घरावर टाकून चालणार नाही. आपल्या वस्त्या कचऱ्याच्या आणि कारखान्यांच्या शेजारी का आहेत? देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची. त्याच वर्षी बाबासाहेबांनी महाडला पाण्याचा हक्क बजावला. २०१६ च्या जानेवारीत ही कचराभूमी पेटली, तेव्हा धूर आधी आसपासच्या झोपड्यांत शिरला. स्वच्छ पाणी आणि स्वच्छ हवा हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितले आहे.

तेव्हा वस्तीत कोठे कचरा जळतो, कोठे झाकल्याशिवाय खडी-सिमेंट पडते, ते तारीख-वेळेसह लिहून ठेवा. रविवारी विहारात एकत्र बसून महापालिकेच्या विभाग कार्यालयाला अर्ज करा. आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्यायला विसरू नका. तोंडी तक्रारीला साक्षीदार नसतो.

जयभीम!