किडनी वाचली, हाडांचं काय?

किडनी बदलली की पेपरात फोटो येतो. खाटेवर पेशंट, बाजूला किडनी देणारी आई नाहीतर बायको, मागं डॉक्टरांची रांग. खाली छापतात, नवं आयुष्य मिळालं. दोन वर्षांनी त्याच माणसाचा मणका बसतो तेव्हा फोटोवाला कुठं असतो? मला त्या दिवसाबद्दल बोलायचंय.

आमच्या टोळीत एक दादा होता. वय बेचाळीस. साखर आणि ब्लडप्रेशरनं दोन्ही किडन्या खाल्ल्या. दोन वर्षं डायलिसिस. मग वहिनीनं आपली एक काढून दिली. (देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हा आपल्या देशाचा हिशोब आहे. त्यावर एक वेगळा अंक काढावा लागेल.) ऑपरेशन योजनेतून झालं. डॉक्टर चांगले होते, हे आधीच सांगतो, म्हणजे कुणी म्हणायला नको की पोरगं नुसतं शिव्या घालतंय. किडनी पहिल्या दिवसापासून चालली. दादा लघवीची बाटली बघून रडला.

घरी पाठवताना हातात कागद दिला. गोळ्यांच्या वेळा, पाणी किती, मास्क लावा, क्रिएटिनिन दर आठवड्याला. हाडांचा त्यात एक शब्द नव्हता.

आता हाडांचं गणित सांगतो. मी मॅट्रिक आहे, डॉक्टर नाही. पण दादाबरोबर ओपीडीत बसून, विचारून, वाचून जेवढं डोक्यात शिरलं तेवढं सांगतो.

हाड म्हणजे लाकूड नव्हे. ते जिवंत असतं. त्यात दोन टोळ्या चोवीस तास राबतात. एक जुनं हाड खोदते, दुसरी नवं भरते. भरणाऱ्या टोळीला माल लागतो, कॅल्शियम. ते पोटातून रक्तात यायला 'ड' जीवनसत्त्व लागतं. उन्हानं कातडीत तयार झालेलं हे जीवनसत्त्व शेवटी कामाचं करून देते ती किडनी. किडनी मेली की हे काम थांबतं. वरून फॉस्फरस रक्तात साचतो. मग गळ्यातल्या पॅराथायरॉइड नावाच्या ग्रंथी खवळतात आणि हाडातलं कॅल्शियम उपसायला लागतात. म्हणजे ऑपरेशनच्या टेबलावर माणूस जातो तेव्हाच त्याची हाडं निम्मी लुटलेली असतात. नवी किडनी बसली तरी कित्येकांच्या त्या ग्रंथी वर्षभर, कधी त्याहून जास्त, खवळलेल्याच राहतात.

त्यावर येते स्टेरॉइडची गोळी. १९५४ साली बोस्टनला डॉक्टर मरेनं पहिली यशस्वी किडनी बसवली ती जुळ्या भावाची होती. शरीरानं ती परकी मानली नाही. बाकीच्यांचं नशीब तसं नसतं. शरीराची एक गावकी असते. बाहेरचं कुणी आत आलं की ती लाठ्या घेऊन उठते. त्या गावकीला गप्प बसवायला टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन अशा गोळ्या देतात. यातलं प्रेडनिसोलोन म्हणजे स्टेरॉइड. किडनी वाचवते, पण हाडात भरणाऱ्या टोळीला कामावरून काढते, पोटातून कॅल्शियम येऊ देत नाही आणि लघवीवाटे बाहेर घालवते. सगळ्यात जास्त हाड झिजतं ते पहिल्या सहा महिन्यांत, वर्षभरात. जेव्हा घरात पेढे वाटणं चालू असतं, तेव्हाच. काहींच्या खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठाच तुटतो आणि हाड आतल्या आत मरतं. जांघेत दुखायला लागतं, एक्स-रे काढला तर सुरुवातीला काही दिसत नाही. एमआरआयमध्ये दिसतं.

हे वाचून कुणी उद्यापासून गोळी बंद करू नये. गोळी मनानं बंद केली तर किडनी जाईल, माणूसही जाईल. डोस कमी करायचा तो डॉक्टरनं. गोळी नको असं मी म्हणतच नाही. ज्यांनी गोळी दिली त्यांनी हाडांचा हिशोब का दिला नाही, एवढंच विचारतोय.

कारण उपाय नाही असं नाही. डेक्सा नावाची मशीन आहे. पाठीवर झोपायचं, दहा-पंधरा मिनिटं, सुई नाही, काही नाही, हाड किती घट्ट राहिलंय ते कळतं. केडिगो नावाची जगभरच्या किडनीवाल्या डॉक्टरांची संस्था आहे. तिनं २०१७ साली लिहून ठेवलंय की रोपण झालेल्याला हाड ठिसूळ व्हायचा धोका असेल आणि तपासणीनं उपचार ठरणार असतील तर हाडांची घनता मोजा. पहिल्या वर्षात हाड कमी दिसलं तर 'ड' जीवनसत्त्व, त्याचा तयार प्रकार किंवा हाडाची झीज रोखणारी औषधं यांचा विचार करा. पण रक्त तपासून. ग्रंथी खवळलेल्या असतील तर रक्तात कॅल्शियम आधीच चढलेलं असतं, त्यावर शेजाऱ्याचं ऐकून आणखी कॅल्शियम खाल्लं तर उलटंच व्हायचं.

दादाचं काय झालं ते सांगतो. आठ महिने घरी बसला. वहिनी एका किडनीवर भांडी घासत होती. पोरांची फी थकली. तो परत गोदीत आला. पोटावरचा टाका शर्टाखाली झाकला. मुकादमाला सांगितलं असतं तर हजेरीतून नाव उडालं असतं. पन्नास किलोची गोणी पाठीवर घेतली आणि तिसऱ्या खेपेला पाठीत कट्ट वाजलं. सगळे म्हणाले, उसण भरली. हमालाची पाठ दुखते, त्यात काय नवीन? मेडिकलवाल्यानं दुखण्याच्या गोळ्या दिल्या. डायक्लोफेनॅक. रोज दोन. एक महिनाभर. आता हे नीट ऐका. किडनी बसवलेल्या माणसाला ह्या गोळ्या विषासारख्या. क्रिएटिनिन चढलं. म्हणजे हाड गेलं ते गेलंच, वहिनीनं दिलेली किडनीही जायला निघाली.

मला आधीच कळायला हवं होतं. दादाचा शर्ट लांब दिसायला लागला होता. मी चेष्टा केली, दादा, कुणाचा घातलास रे? शर्ट तोच होता. मणके दबून माणूस बुटका झाला होता.

ठेकेदाराकडे गेलो तर म्हणाला, हा त्याचा रोग आहे, माझ्या गोणीनं काही केलं नाही. बघा कशी अक्कल चालते. हाड ठिसूळ होतं म्हणून भरपाई नाही, आणि हाड ठिसूळ आहे म्हणून सांगितलं तर काम नाही. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात सरकारी आस्थापनेतल्या माणसाला नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही, दुसरं काम द्यावं लागतं. खुर्चीवरच्याला खुर्ची मिळते. ठेक्यावरच्या हमालाला काय?

पुस्तकातला पेशंट सकाळी फिरायला जातो, ओझं उचलत नाही, दूध पितो. तो पेशंट आमच्या वस्तीत राहत नाही. आमच्यात ज्याची पाठ चालते त्याची चूल चालते. तिशीपर्यंत हाडात जी शिल्लक पडते तिच्यावर पुढचं आयुष्य काढायचं असतं. आमच्या घरी दूध चहापुरतं. नाचणीत दुधाच्या जवळपास तिप्पट कॅल्शियम असतं, पण गरिबाची म्हणून हिणवलेली ती नाचणी आता पाकिटात घालून मॉलमध्ये विकतात.

हाडांशी आमचं नातं जुनं आहे. महारांच्या वतनी जमिनीचं नावच हाडकी-हाडोळा. मेलेल्या ढोरांच्या हाडांवरून पडलेलं. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला ते मढं खाणं सोडायला सांगितलं, १९५८ च्या कायद्यानं वतनंही गेली. गावची हाडं आम्ही टाकली. स्वतःची हाडं मात्र अजून दुसऱ्याच्या मालाखाली आहेत.

योजनेला नाव आहे महात्मा जोतिराव फुल्यांचं. २०२३ साली सरकारनं किडनी रोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख करायचा निर्णय घेतला. बरं केलं. पण फुल्यांचं नाव लावायचं तर हिशोब टाका सुकेपर्यंतचा नको, माणूस पायावर उभा राहीपर्यंतचा पाहिजे. रोपणाआधी आणि पहिल्या वर्षात डेक्सा फुकट. कॅल्शियम, 'ड' आणि पॅराथायरॉइडची तपासणी क्रिएटिनिनबरोबरच. घरी पाठवताना मराठीत कागद, त्यावर मोठ्या अक्षरात : दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका, पाठीत किंवा जांघेत दुखलं तर हमालीवर ढकलू नका. आणि ओझं न उचलण्याची चिठ्ठी देणाऱ्यानं त्या दिवसांची मजुरी कोण देणार तेही लिहावं. नाहीतर ती चिठ्ठी आम्ही खिशात घालतो आणि गोणी उचलतो.

दादा आता पट्टा बांधून खोलीत बसतो. दुखण्याच्या गोळ्या बंद झाल्या, क्रिएटिनिन थोडं उतरलंय. डेक्सा अजून झालेला नाही, बाहेरून करून आणा म्हणतात. सोमवारी त्याची ओपीडी आहे. मी हजेरी बुडवून जाणार आहे. टोळीतले आणखी चारजण येतो म्हणालेत. ज्याला यायचं त्यानं सकाळी सातला केसपेपरच्या रांगेत यावं.