पर्यायशब्द आणि संकल्पना : इंग्रजी साहित्यसंज्ञांच्या अध्यापनाचा एक प्रश्न

इंग्रजी साहित्याच्या पदवी वर्गात आलेल्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला ‘मेटाफर म्हणजे रूपक’, ‘हायपरबोली म्हणजे अतिशयोक्ती’, ‘आयरनी म्हणजे उपरोध’ अशी समीकरणे लवकरच पाठ होतात. परीक्षेपुरती ती उपयोगीही पडतात. मात्र अपरिचित कविता समोर येताच हाच विद्यार्थी गोंधळतो. त्याचे इंग्रजी कच्चे आहे, असा निष्कर्ष मग सहज काढला जातो. वस्तुतः या गोंधळाचे एक महत्त्वाचे कारण ही समीकरणेच होत.

रूपकाचेच उदाहरण घ्यावे. मम्मटाच्या परंपरेत उपमेय व उपमान या दोहोंचा निर्देश असून त्यांच्यात अभेद कल्पिलेला असेल, तर ते रूपक. उपमेय गिळले जाऊन केवळ उपमान उरले, तर तो अतिशयोक्तीचा एक प्रकार. इंग्रजी समीक्षा या दोहोंनाही मेटाफरच म्हणते. आय. ए. रिचर्ड्स यांनी १९३६ साली ‘द फिलॉसॉफी ऑफ ऱ्हेटरिक’ या ग्रंथात मांडलेली ‘टेनर’ आणि ‘व्हेइकल’ ही जोडी उपमेय-उपमानाची आठवण करून देते. परंतु रिचर्ड्स यांच्या दृष्टीने मेटाफर हा भाषेवर चढविलेला अलंकार नव्हे, तर विचाराचाच व्यापार होय. समीकरण पाठ केलेला विद्यार्थी कवितेत उपमेय शोधत राहतो; ते न सापडल्यास तेथे मेटाफर नाहीच, असे ठरवून मोकळा होतो.

आयरनीची गत याहून अवघड आहे. उपरोध म्हटला की कोणीतरी कोणाला तरी टोचून बोलत आहे, हे गृहीतच असते. गडकऱ्यांच्या, १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’ या नाटकाच्या शीर्षकात मात्र कोणी कोणाला टोचत नाही. प्याला एकावर थांबणार नाही हे प्रेक्षक जाणतो, सुधाकर जाणत नाही. या अंतरातून करुण निर्माण होते. त्याला ‘नाट्यात्म उपरोध’ असे नाव देताच विद्यार्थ्याचे लक्ष नेमक्या चुकीच्या ठिकाणी जाते.

याचा अर्थ विद्यार्थ्याने स्वभाषेतील ज्ञान दाराबाहेर ठेवून यावे, असा नव्हे. भिवंडीतील नारपोलीसारखा यंत्रमागांचा परिसर या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. ‘आज नारपोली बंद आहे’ हे वाक्य तेथे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. गाव बंद होत नाही. बंद असतात ते गावातले माग. ‘गंगेवर गवळवाडा’ या साहित्यशास्त्रातील प्रसिद्ध उदाहरणाचे कार्य हेच आहे : मुख्यार्थ बाधित होतो आणि त्याच्याशी संबद्ध असा दुसरा अर्थ हाती येतो. येथील संबंध सान्निध्याचा आहे, सादृश्याचा नाही. उलट ‘कथेचा ताणाबाणा’ असे म्हणताना सादृश्य आधाराला असते. पहिली शुद्धा लक्षणा, दुसरी गौणी. भिवंडीत मराठीबरोबर उर्दू माध्यमाचे विद्यार्थीही असतात. हाच भेद त्यांच्या अलंकारशास्त्रात ‘मजाज-ए-मुर्सल’ आणि ‘इस्तिआरा’ या नावांनी आलेला आहे. रोमान याकोबसन यांनी १९५६ मध्ये मेटाफर व मेटॉनिमी हे भाषेचे दोन ध्रुव म्हणून मांडले, तेव्हा त्यांच्या विवेचनाचा पायाही सादृश्य आणि सान्निध्य हाच होता. अर्थात ‘मेटॉनिमी म्हणजे लक्षणा’ असे नवे समीकरण मांडणे पुन्हा त्याच चुकीकडे नेणारे ठरेल; लक्षणा ही शब्दशक्ती असून तिचा व्याप मेटॉनिमीहून मोठा आहे.

पारिभाषिक शब्दांत स्थैर्य हवे, प्रत्येक वर्गात नवा काथ्याकूट परवडणारा नाही, हा आक्षेप रास्त आहे. परंतु ‘वाङ्मयीन संज्ञा-संकल्पना कोश’ (२००१) काय किंवा मराठी वाङ्मयकोशाचा ‘समीक्षा-संज्ञा’ हा खंड (२००२) काय, त्यांचे मोल नोंदीच्या मथळ्यात नसून मथळ्याखालील विवेचनात आहे. मार्गदर्शिका मथळा उचलतात आणि विवेचन गाळतात. अध्यापनाने हा क्रम उलटा केला पाहिजे. आधी परिचित वाक्यात अर्थ कसा हलतो ते पाहावे. मग विद्यार्थ्याच्या परंपरेतील नाव घ्यावे. नंतर इंग्रजी संज्ञा सांगून दोहोंच्या सीमा कोठे जुळतात व कोठे जुळत नाहीत, ते दाखवावे. उर्दू संज्ञा शिक्षकाला ठाऊक नसल्या तरी बिघडत नाही. त्या वर्गातून येऊ शकतात. प्रश्नपत्रिकेनेही ‘अलंकार ओळखा’ येथे न थांबता ‘त्याने येथे काय साधले’ हे विचारावे.

घरातून महाविद्यालयात प्रथमच आलेल्या मुलामुलींच्या बाबतीत या प्रश्नाचे गांभीर्य अधिक आहे. त्यांच्याजवळ असलेले ज्ञान चुकीच्या नावाखाली झाकले गेले, तर आपल्याला काहीच येत नाही अशी त्यांची समजूत होते, आणि ती पदवीनंतरही टिकते. पर्यायशब्द ही संकल्पनेकडे जाण्याची वाट आहे. तिलाच मुक्काम मानल्याने होणारे हे नुकसान टाळणे शिक्षकाच्या हाती आहे.